एक रुग्ण पाहिला

शाळू ज्वारीची सुगी सुरू झाली की आमच्या रुग्णालयात हात यायला लागत. यायची माणसंच, पण आम्ही डॉक्टर आपसात "हात आलाय" असंच म्हणायचो. सत्तरच्या दशकातली मधली वर्षं होती ती. दुष्काळ मागे पडला होता आणि सोलापूरच्या आसपासच्या गावांत मळणीची यंत्रं आली होती. बैलांच्या पायांखाली आठवडाभर चालणारं काम आता एका दिवसात उरकत होतं. यंत्राच्या तोंडात कणसं ढकलताना कणसांबरोबर बोटं जायची, कधी पंजा जायचा, कधी मनगटापर्यंतचा हात.

हात चिरडलेल्या माणसाला रुग्णालयात आणायच्या आधी घरचे त्याला काहीतरी खायला घालायचे. चहा तर प्यायला द्यायचेच, बहुतेकदा भाकरीही. सोलापूरला पोचायला किती वेळ लागेल, तिथे कधी पोटात अन्न पडेल, कुणाला ठाऊक, असा विचार असायचा. माया म्हणून ते बरोबरच होतं. पण आमच्याकडे तेव्हा भूल म्हणजे मुख्यतः ईथर. भरल्या पोटी ईथर दिलं की ओकारी होते, ओकारी श्वासनळीत जाते आणि हाताच्या जखमेपायी माणूस जातो. म्हणून भूल कमी आणि घाईची, आणि घाईत करण्यासारखी शस्त्रक्रिया एकच. हात काढून टाकायचा. मनगटावर काढला की जखम साफ, सरळ, लवकर शिवून होणारी. मी त्या विभागात व्याख्याता होतो आणि असे बरेच हात मी काढले होते.

माझं गाव दुधनी. वडील तिथल्या आडत बाजारात पोत्यांची वजनं करणारे तोलार होते. घरी कन्नड, शाळेत मराठी, आणि इंग्रजी आठवीनंतर कधीतरी. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला. सरकारी फी-सवलत, गावातल्या एका मास्तरांनी दिलेली पुस्तकं आणि पुण्यातल्या एका वसतिगृहातलं जेवण या तीन गोष्टींवर मी डॉक्टर झालो. हे इथे सांगायचं कारण एवढंच की संशोधनाला पैसे मागण्याचा अर्ज करायचा म्हणजे काय, हे मला सांगणारं घरी किंवा गावात कुणी नव्हतं.

ती कल्पना मुळात माझी नव्हतीच, आमच्या भूलतज्ज्ञ मॅडमची होती. त्या सोलापूरच्याच, पूर्व भागातल्या. घरी तेलुगू बोलत, वडिलांचा हातमाग होता. माझ्यासारख्याच त्याही घरातल्या पहिल्या पदवीधर, पण माझ्यापेक्षा खूपच धीट. एकदा मी एका माणसाचा पंजा काढत होतो. त्या डोक्याशी उभ्या होत्या. मध्येच म्हणाल्या, "डॉक्टर, याची करंगळी गुलाबी आहे."

"हो."

"मग ती का फेकताय?"

मी म्हटलं, "तुम्हीच म्हणालात ना, लवकर उरका म्हणून!"

त्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी मला त्यांची कल्पना सांगितली. पूर्ण भूल द्यायचीच नाही. काखेतल्या नसांजवळ औषध टोचायचं. हात बधिर होतो, माणूस जागा राहतो, पोट भरलेलं असलं तरी धोका फारसा नाही. मग घाई कशाची? मी हात नीट धुवायचा, मेलेलं तेवढं मांस काढायचं, जिवंत ते ठेवायचं, जखम उघडीच ठेवून बांधायची आणि पाच दिवसांनी, ती स्वच्छ दिसली तर, शिवायची. पद्धत त्यांनी शोधलेली नव्हती, युद्धातल्या जखमांवर ती वापरली गेली होती. पण मळणी यंत्राच्या जखमांत शेतातली माती, भुसा, कधी शेणही असतं. तिथे ती चालते का, हे कुणी पाहिलेलं आमच्या वाचनात नव्हतं.

आम्ही काही हात तसे करून पाहिले. सगळे नाही. जे बरे दिसले ते. पण औषध अपुरं पडायचं, बारीक शस्त्रक्रियेची हत्यारं नव्हती, आणि रुग्ण पाच दिवसांनी परत आला नाही तर त्याला गाठायला कुणी नव्हतं. म्हणून आम्ही दिल्लीतल्या, संशोधनाला मदत देणाऱ्या एका संस्थेकडे अर्ज केला. तीन वर्षांचा अभ्यास. अर्ज इंग्रजीत मी लिहिला, मॅडमनी दुरुस्त केला, टाइप करणाऱ्या क्लार्कने आणखी चुका घातल्या.

गावी गेल्यावर वडिलांना सांगितलं. ते खाटेवर बसून पान लावत होते. त्यांनी विचारलं, "दिल्लीत आपलं कोण हाय?"

"कुणीच नाही."

"मग कागद कोण पुढं सरकवणार?"

"सरकवावा लागत नाही. माझ्याच विषयातली तीन माणसं तो वाचतात. सर्जरी, भूल आणि अपघात यांतली. मी त्यांना ओळखत नाही, तेही मला ओळखत नाहीत. ती लिहितात की हे काम करण्यासारखं आहे की नाही."

वडिलांनी पान तोंडात टाकलं. मग म्हणाले, "वळक नसताना वाचत्यात?"

"वाचतात."

"फुकट?"

"फुकटच."

त्यांचा विश्वास बसला नाही. खरं सांगायचं तर माझाही पुरता बसला नव्हता. आमच्या बाजारात पोत्याचं वजनसुद्धा ओळखीच्या माणसासमोर करून घेतात.

काही महिन्यांनी पहिल्या दोघा परीक्षकांचे शेरे आले. नावं नव्हती. पहिल्या शेऱ्यात इंग्रजीच्या चुका दाखवल्या होत्या आणि खाली लिहिलं होतं की भाषा कच्ची आहे, पण प्रश्न खरा आहे. दुसऱ्याने, जो भूलशास्त्रातला असावा, औषधाच्या मात्रेवर पानभर लिहिलं होतं. एका ठिकाणी आमची मात्रा जास्त आहे, लहान चणीच्या, अशक्त माणसाला झटके येऊ शकतील, असं त्याचं म्हणणं होतं. मॅडमनी हिशेब पुन्हा केला. त्याचं बरोबर होतं. आमचं तोंड न पाहिलेल्या माणसाने आमच्यासाठी बसून तो हिशेब केला होता. माझं लिहिलेलं इतक्या बारकाईने त्यापूर्वी फक्त गावातल्या मास्तरांनी वाचलं होतं.

दोघांनीही एक प्रश्न समान विचारला होता. कोणता हात वाचवायचा आणि कोणता काढायचा, हे कसं ठरवणार? मी उत्तर पाठवलं, "सर्जनच्या निर्णयानुसार." मला ते उत्तर पुरेसं वाटलं होतं. मग पत्र आलं की तिसरे परीक्षक, मुंबईतले एक ज्येष्ठ सर्जन, स्वतः येऊन रुग्ण पाहतील आणि त्यांच्या शिफारशीवर निर्णय होईल.

आमचे अधीक्षक सर्जरीचेही प्रमुख होते. आम्ही त्यांना सर म्हणायचो. माणूस मोठ्या मनाचा, रुग्णालयाचा अभिमान असलेला. पत्र वाचून ते उठूनच उभे राहिले. "मुंबईहून येतायत! आपल्याकडे! बघा आता मी कशी तयारी करतो ते." मला त्याच वेळी तालुक्याच्या गावी कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांच्या शिबिराला जायचा हुकूम होता. दोन दिवस. सर म्हणाले, "तू निर्धास्त जा. मी आहे ना."

भेटीच्या दिवशी सकाळी मी एस.टी.तून उतरलो तो थेट वॉर्डात आलो. दारातच थबकलो. भिंतींना चुना लागला होता. खिडक्या पुसलेल्या. प्रत्येक खाटेवर पांढरीशुभ्र चादर, कोपरे दुमडलेले, उशा एका रेषेत. खाटांखालची गाठोडी, तांबे, चुली पेटवायच्या काटक्या, काही काही नव्हतं. आणि माणूसही नव्हता.

मॅडम आधीच येऊन मध्ये उभ्या होत्या. मी विचारलं, "रुग्ण कुठे गेले?"

"डिस्चार्ज."

"सगळे?"

"चालता येणारे सगळे. ज्यांना चालता येत नव्हतं ते बाळंतिणींच्या वॉर्डाच्या मागच्या व्हरांड्यात. त्यांत हाताचा एकही नाही. हात गेलेल्या माणसाला चालता येतं ना, डॉक्टर." त्या थोडं हसल्या. "पोहे तयार, चादरी तयार. दाखवायची मुलगी तेवढी मामाच्या गावाला पाठवलीय."

सिस्टर बाजूला उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी विचारलं होतं सरांना. ते म्हणाले, घाण जखमा, वास, नातेवाइकांची गर्दी, पाहुण्यांना हे दाखवायचं का? ड्रेसिंगला येणाऱ्यांनाही आज-उद्या येऊ नका म्हणून सांगितलंय."

यात सरांचं काही वेगळं नव्हतं. मंत्री येवोत, संचालक येवोत, आमच्याकडे कुणी तपासणीला येणार म्हटलं की हेच व्हायचं, आणि आजवर प्रत्येक पाहुणा खूश होऊन गेला होता. रुग्ण पाहायला म्हणून कुणी येईल, ही गोष्टच नवी होती.

परीक्षक आले. उंच, किडकिडीत, पांढरा बुशशर्ट, हातात कापडी पिशवी. पोह्यांना त्यांनी नम्रपणे नकार दिला, चहा घेतला. सरांनी त्यांना वॉर्डात आणलं. दारातून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहून ते म्हणाले, "सुरेख वॉर्ड आहे."

सर म्हणाले, "आमचा नेहमीच असा असतो."

"रुग्ण?"

"सगळे बरे होऊन गेले, साहेब."

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. "सगळे?"

"सगळे."

"मग अभ्यास कशाचा करायचा आहे?"

सर हसले. त्यांना तो विनोद वाटला. मला तो वाटला नाही. तीन वर्षांच्या कामाचा, हत्यारांचा, औषधांचा, त्या सुगीत आणि पुढच्या सुगीत येणाऱ्या हातांचा निकाल त्या एका प्रश्नाशी येऊन थांबला होता. सर माझे गुरू. त्यांनीच मला सुरी धरायला शिकवलं. त्यांच्यासमोर त्यांना खोटं पाडायचं नव्हतं, पण गप्प बसलो असतो तर अर्ज तिथेच संपला असता. मी परीक्षकांना म्हटलं, "सर, तुम्ही येणार म्हणून काल वॉर्ड रिकामा केला गेला. आमच्याकडे तपासणीची तशी पद्धत आहे. हात बरे झालेले नाहीत."

सर माझ्याकडे न पाहता म्हणाले, "आमच्या व्याख्यात्यांना प्रवासाचा थकवा आलाय." मग "जरा फोन पाहतो" म्हणून ते कार्यालयाकडे गेले. पुढे काही महिने ते माझ्याशी कामापुरतंच बोलत होते.

परीक्षक शांतपणे म्हणाले, "तुम्ही सांगितलंत ते मी ऐकलं. पण सांगितलेलं मला लिहिता येत नाही. पाहिलेलं लिहिता येतं. केसपेपर मी पाहीन, पण केसपेपर तुम्हाला मुंबईलाही पाठवता आले असते."

मी म्हटलं, "सुगी आहे, सर. दुपारपर्यंत एखादा हात येईलच."

"माझी गाडी संध्याकाळची आहे. थांबू."

आम्ही अपघात विभागाशेजारच्या खोलीत बसलो. त्यांनी केसपेपर वाचायला घेतले. मी दर थोड्या वेळाने उठून दारात जायचो. विंचू चावलेली एक बाई आली. नाकात शेंगदाणा घातलेला एक पोरगा आला, आईचं बोट धरून, रडत. सायकलवरून पडलेला एक म्हातारा आला आणि आपल्याला काही झालेलं नाही, सायकलचंच चाक वाकलंय म्हणून भांडू लागला. रस्त्यावर ट्रॅक्टरचा आवाज आला की मी फाटकापर्यंत जायचो. ट्रॅक्टर पुढे निघून जायचा. मी चौथ्यांदा की पाचव्यांदा परत आलो तेव्हा परीक्षकांनी केसपेपरमधून मान वर केली.

"डॉक्टर, कुणाची वाट बघताय?"

मी उत्तर देणार होतो आणि मग मला प्रश्न समजला.

"बसा," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "आज कुणाचा हात यंत्रात सापडला नाही, हे चांगलंच आहे. आपला अर्ज बुडाला तरी चांगलं आहे."

मी बसलो. मॅडम इतका वेळ खिडकीशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मंद्रूपची बाई. तिची बहीण इथे गिरणीच्या मागच्या वस्तीत राहते. काल डिस्चार्ज झाला तेव्हा मी तिला विचारलं होतं, जाणार कुठे? म्हणाली, परवा पट्टी बदलायची, गावाला कुठे जाऊ, बहिणीकडे राहते. तिचा हात आपण वाचवलाय."

जीप सरांच्या परवानगीशिवाय मिळत नसे आणि त्या दिवशी ती मागण्याची माझी हिंमत नव्हती. आम्ही टांगा केला. परीक्षक पुढे टांगेवाल्याशेजारी बसले, आम्ही दोघं मागे.

वस्तीत पत्र्याची घरं होती, पुढे शेणाने सारवलेली जागा. घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली ट्रंका रचलेल्या. ती बाई दारातच बसली होती, उजवा हात पट्टीत बांधून गळ्यात अडकवलेला, डाव्या हाताने शेंगा फोडत. वय पस्तिशीच्या आसपास असेल. आम्हाला पाहून तिने डोक्यावरचा पदर पुढे घेतला आणि मला म्हणाली, "काल म्हनलासा, जावा. आज घरला आलासा. एकदाच काय ते ठरवा की, डागदर."

मी म्हटलं, "माझं चुकलं, बाई. हे मुंबईचे मोठे डॉक्टर आहेत. तुमचा हात बघायला आलेत."

"मुंबईस्नं? माज्या हातासाटी?" तिने आत हाक मारली, "आक्के, च्या ठेव! मुंबईचं पावणं आल्यात!" आणि मग परीक्षकांना, "बसा, हितं बसा. खाटंचा पाय तुटकाय, तिकडं सरकू नगा."

परीक्षक सांगितलेल्या बाजूलाच बसले. त्यांनी हात धुवायला पाणी मागितलं, धुतले, आणि स्वतः पट्टी सोडली. मधलं बोट आणि अनामिका नव्हती. बाकी जखम तांबूस, स्वच्छ. त्यांनी तिला अंगठ्याने तर्जनीला टेकवायला सांगितलं. टेकवता आलं, हळू, थरथरत. त्यांनी शेंगदाणा उचलायला सांगितला. दोनदा निसटला, तिसऱ्यांदा उचलला.

"शस्त्रक्रियेच्या वेळी तुम्ही जाग्या होतात?" त्यांनी विचारलं.

"व्हय की. ह्या म्याडमनी काखंत सुई टोचली. मग हात माजा हाय का शेजारनीचा, तेच कळंना. मी बगत हुते, हे डागदर शिवनकाम केल्यावानी करत हुते. मी इचारलं बी, आवं, जरा बारीक टाका घाला की."

मॅडम हसल्या. परीक्षकही किंचित हसले. "आणि गावाहून निघताना काय खाल्लं होतं?"

"अर्दी भाकर आन् च्या. मालकानंच घास घातला. लई रडत हुता त्यो, माज्यापरीस."

परीक्षकांनी पिशवीतून वही काढून काहीतरी टिपलं. मग माझ्याकडे वळले. "आता मला सांगा. या बाईंचा हात तुम्ही वाचवायचा का ठरवला?"

"जखम त्या मानाने बरी होती, सर."

"आणि ज्यांचे काढलेत?"

"ते जास्त चिरडलेले होते."

"म्हणजे बरे हात तुम्ही वाचवणार, वाईट हात काढणार, आणि तीन वर्षांनी आम्हाला लिहून कळवणार की वाचवलेले हात जास्त चांगले निघाले. हे मी तुम्हाला आत्ताच, या तुटक्या खाटेवर बसून सांगू शकतो. त्याला तीन वर्षं कशाला हवीत?"

"सर्जनच्या निर्णयानुसार" या माझ्या उत्तरात काय चुकलं होतं ते मला तेव्हा दिसलं. ते इतकं साधं होतं की आधी कसं दिसलं नाही, याचंच नवल वाटलं. मॅडम सावरून म्हणाल्या, "सर, मग दिवस ठरवून घेऊ. एका दिवशी येणाऱ्या सगळ्यांवर जुनी पद्धत, दुसऱ्या दिवशी येणाऱ्यांवर नवी. म्हणजे निवड आमची राहणार नाही."

"शास्त्राला धरून आहे," परीक्षक म्हणाले. "पण जुन्या पद्धतीच्या दिवशी या बाई आल्या असत्या तर?"

ती बाई इतका वेळ आमच्या तोंडांकडे पाहत होती. सगळं नाही, पण मुद्द्याचं तिला समजलं. "म्हंजी?" तिने मला विचारलं. "माजा बी काडनार हुता काय?"

"नाही, बाई. तुमचा नाही."

"मग कुनाचा?"

आतून तिच्या बहिणीने चहाच्या कपबशा आणल्या. बिनदुधाचा, गुळाचा चहा. आम्ही तिघांनी तो घेतला. प्रश्न तिने रागाने विचारला नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

परीक्षकांनी तिची पट्टी पुन्हा बांधली, माझ्यापेक्षा चांगली. निघताना तिने त्यांच्या पिशवीत मूठभर शेंगा टाकल्या. ते नको म्हणाले नाहीत.

टांग्यात बसल्यावर ते म्हणाले, "तुमच्या दोघांपैकी कुणालाही इथून पुढे वाचेलसा हात मुद्दाम काढता येईल का?"

मॅडम म्हणाल्या, "मला नाही."

मी म्हटलं, "मलाही नाही. पाहिल्यावर नाही."

"मग तुलना सोडून द्या. ती तुम्हाला जमणार नाही, आणि जमली नाही याचं मला दुःख नाही. जो हात येईल तो वाचवायचा प्रयत्न करा. बरा असो, वाईट असो. आणि प्रत्येकाचं लिहा. गेलेल्यांचं जास्त नीट लिहा. कोणत्या जखमेचा हात वाचत नाही, हे आज कुणालाच माहीत नाही. तेवढं कळलं तरी पुष्कळ."

गाडीच्या वेळी मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेलो. मी त्यांना विचारलं नाही की तुम्ही काय लिहिणार. त्यांनीही सांगितलं नाही.

पावसाळा संपता संपता निर्णय आला. तीन वर्षांचा अभ्यास नामंजूर. एका वर्षाचा, तुलनेशिवायचा, मंजूर. निम्मी हत्यारं, औषध पुरेसं, आणि रुग्णांच्या गावी जाऊन पाहणी करणारा एक माणूस. सोबत तिसऱ्या परीक्षकांचा शेरा होता. त्यातली पहिली ओळ अशी होती की वॉर्ड पाहिला, रुग्ण नव्हते. दुसरी, एक रुग्ण नातेवाइकांच्या घरी पाहिला. आणि मग जे लिहिलं होतं ते त्या एका हाताबद्दलच. पुढे म्हटलं होतं की एका रुग्णावरून तीन वर्षांची शिफारस करता येत नाही, म्हणून एक वर्ष. वॉर्ड रिकामा कुणी केला, का केला, याबद्दल एक अक्षर नव्हतं. ते त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

मी तो कागद सरांना दाखवला. त्यांनी तो उभ्यानेच वाचला आणि परत दिला. "एकच पाहिला म्हणतो," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "माणूस सरळ दिसतो."

वडिलांनाही सांगितलं. त्यांनी विचारलं की मागितलं त्याच्या तिसरा हिस्साच का दिला. मी म्हटलं, मी मांडलेलं चुकीचं होतं, ते त्यांनी दुरुस्त केलं. "आन् वर पैसे बी दिले?" वडील म्हणाले. मग बराच वेळ ते शेजाऱ्याला ही गोष्ट समजावून सांगत होते. पण त्यांच्या सांगण्यात तिसऱ्या परीक्षकांची आणि माझी जुनी ओळख निघाली होती.

पुढच्या सुगीत अभ्यासातला पहिला हात आला. तिशीतला ट्रॅक्टरचालक, यंत्रात अडकलेली पेंढी काढताना हात सापडलेला. पंजाचा चेंदा झाला होता. भुसा आतपर्यंत शिरलेला, बोटं थंड. पूर्वी मी दुसऱ्यांदा पाहिलंही नसतं. मॅडमनी काखेत औषध टोचलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"वाचणार नाही हा," मी म्हटलं.

"असं तुम्हाला वाटतं. करा."

बराच वेळ आम्ही तो हात धूत होतो. तो माणूस जागा होता आणि वर दिव्याकडे पाहत होता. ट्रॅक्टर कुणी बंद केला का, एवढं त्याने दोनदा विचारलं. जखम उघडी ठेवून आम्ही पट्टी बांधली. पाच दिवस मी रोज त्याच्या बोटांची टोकं पाहत होतो आणि रोज तीन बोटं अधिक काळी दिसत होती. पाचव्या दिवशी पट्टी सोडली. तीन बोटं गेली होती. अंगठा आणि करंगळी जिवंत होती. आम्ही ती तीन काढली.

दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "अंगठा ऱ्हायलाय न्हवं?"

"राहिलाय."

"आन् करंगळी. मग बिडी धरता येईल की."

"बिडी ओढायची नाही," मॅडम म्हणाल्या. "बिडीने बोटाचं रक्त कमी होतं. उरलेलीही घालवायचीत का?"

"न्हाय, म्याडम, न्हाय ओढत. नुस्ती धरता येती का, तेवढं इचारलं."

त्या दुपारी आम्ही दोघं त्याची माहिती लिहायला बसलो. आम्ही अर्जाबरोबर पाठवलेल्या तक्त्यात दोन रकाने होते: हात वाचला, हात गेला. मी पहिल्या रकान्यात लिहायला घेतलं आणि थांबलो. तीन बोटं गेलेला हात वाचला म्हणायचं, की दोन बोटं उरलेला हात गेला म्हणायचं? दिल्लीला काय कळवायचं? मला त्याला "वाचला" म्हणावंसं वाटत होतं. वर्षभरातल्या पहिल्या हाताच्या नावापुढे "गेला" लिहायला नको होतं.

मॅडमनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि दोन रकान्यांच्या पुढे आणखी पाच उभ्या रेषा मारल्या.

"एकेका बोटाचा वेगळा रकाना करा," त्या म्हणाल्या. "आणि आधी गेलेली तीन लिहा."